पणजोबांचे रुमाल शाबूत, मग आजोबांची पत्रं का मोडायलीत?

मागच्या गणपतीत खानापूर तालुक्यातल्या एका देसाई घराण्याच्या वाड्यावर गेलो होतो, मित्राचंच घर. मी केमिस्ट्री शिकवतो हे काकींना ठाऊक, त्या म्हणाल्या, "आलायस तर माळ्यावरची ट्रंक तेवढी बघ की, कागदांचा नुसता भुगा व्हायलाय."

ट्रंकेत तळाला लाल कापडात बांधलेले मोडी कागदांचे रुमाल, दीड-दोनशे वर्षांचे तरी असतील, आणि वर आजोबांचा पत्रव्यवहार. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं, त्या सुमाराचीही पत्रं त्यात. मोडी कागद उलगडला तर कापडासारखा मऊ, आणि आजोबांचं पत्र नुसतं उचललं तर घडीवर तुकडा पडला. जुनं धडधाकट आणि नवं मोडकं, हे कसं काय?

कागद म्हणजे सेल्युलोज, ग्लुकोजच्या हजारो कड्यांची लांब साखळी. साखळी लांब असेल तोवर कागद वाकतो, तुटत नाही. जुना हातकागद चिंध्या नाहीतर तागासारख्या धाग्यांचा, त्याला खळ लावून गुळगुळीत दगडानं घोटायचे, आणि शाई काजळ-डिंकाची. काजळ म्हणजे कार्बन, तो कागदाला काही करत नाही. एकोणिसाव्या शतकात गिरण्यांनी लाकडाचा लगदा घेतला, शाई फुटू नये म्हणून त्यात राळ आणि तुरटीच्या जातीचा क्षार घातला, आणि तो क्षार दमट हवेत हळूहळू आम्ल तयार करतो. ते आम्ल साखळी मधेच कापतं, रोज थोडं थोडं. लाकडातलं लिग्निन उजेडानं पिवळं पडतं ते वेगळंच. त्यातून त्या काळची निळी-काळी शाई बहुतेक हिराकस-माजूफळाची, तिच्यात आम्लही आणि लोहही, म्हणून काही ओळींवर अक्षरांच्या जागी चक्क भोकं होती.

म्हणजे आधी वाचवायची ती आजोबांची पत्रं, रुमाल थांबतील. लोक नेमकं उलटं करतात, मोडीला देव्हाऱ्यासारखं जपतात आणि पत्रं माळ्यावर टाकतात. एप्रिलात कौलं तापतात आणि जुलैत खानापूरकडं पाऊस असा लागतो की भिंती ओल्या. ढोबळ हिशेब असा की तापमान पाचेक अंश वाढलं की कागद झिजायचा वेग जवळजवळ दुप्पट होतो, आणि हवेतली आर्द्रता पासष्ट-सत्तर टक्क्यांवर गेली की बुरशी धरते. कसरीला तर खळ म्हणजे मेजवानी. म्हणून ट्रंक मधल्या खोलीत आणली, बाहेरच्या भिंतीपासून वीतभर लांब, जमिनीपासून उंचावर.

मग टाचण्या काढल्या, गंजून त्यांनी कागद खाल्ला होता, रबरबँडसुद्धा काढले. वर्तमानपत्राची कात्रणं पहिल्यांदा बाजूला केली, कारण एका पत्रावर कात्रणाच्या मापाचा तपकिरी चौकोन उमटला होता, म्हणजे आम्ल शेजाऱ्यालाही लागतं. प्रत्येक पत्र आम्लविरहित कागदाच्या पाकिटात, आणि त्याआधी उजेडात पण उन्हात न धरता फोटो, दोन्ही बाजूंचे. कसर लागलेला गठ्ठा प्लास्टिक पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीजरमध्ये उणे अठरावर दोन आठवडे, बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईस्तोवर पिशवी उघडायची नाही, नाहीतर दव धरतं. ओल्या फडक्यानं पुसायचं तर अजिबात नाही, काजळाची शाई डिंकावरच टिकून असते.

सेलोटेप लावू नका हो, चिकटा काही वर्षांत पिवळा होऊन कागदात मुरतो. लॅमिनेशन त्याहून वाईट. आजोबांचं सगळ्यात महत्त्वाचं पत्र घरच्यांनी प्रेमानं दुकानात लॅमिनेट करून आणलं होतं. गरम प्लास्टिक धाग्यांत शिरलेलं, आम्ल आत कोंडलेलं, ते सोडवायला आता तज्ज्ञाकडंच न्यावं लागेल आणि तरी पूर्ण सुटेल असं नाही. हे सांगितल्यावर काकी बराच वेळ गप्प बसल्या.

दुसऱ्या दिवशी मात्र त्याच वही घेऊन आल्या. पत्रांत "चि. बाळ" कोण, "धाकटी वहिनी" कोण, हे आता एकट्या काकींनाच माहीत, त्या सांगायच्या आणि मित्र लिहायचा, आणि पाकिटावर नंबर पेन्सिलीनं, पेन नाही. पहिल्या दोन दिवसांत एकेचाळीस पत्रं झाली. तिसाव्या सालानंतरचा गठ्ठा दिवाळीच्या सुट्टीत उघडायचा ठरलाय.