गोटी घरंगळवण्याचे व्हिडिओ गेम

गोटी घरंगळवण्याचे व्हिडिओ गेम : कडेला कठडा नसलेल्या, चढउताराच्या मार्गावरून गोटी खाली न पाडता ठरल्या वेळेत शेवटापर्यंत नेण्याचे कोडे. नागपूरच्या मुलाला गोट्या म्हटल्यावर जे आठवते, मातीतली गल, ताणलेले बोट, नेम, त्यातले इथे काहीच नाही. खेळाडूच्या हाती असतो तो फक्त कल. या खेळाचे खरे नाते जत्रेतल्या, झाकणाखाली छर्रे फिरणाऱ्या प्लास्टिकच्या डबीशी आणि स्वीडनच्या ब्रिओ कंपनीने १९४६ मध्ये आणलेल्या लाकडी चक्रव्यूहाशी आहे.

सगळी गंमत भौतिकीची. न घसरता घरंगळणाऱ्या भरीव गोळ्याला घर्षणाविना घसरणाऱ्या वस्तूच्या ५/७ इतकेच त्वरण मिळते, कारण काही ऊर्जा त्याला स्वतःभोवती फिरवण्यात जाते. गोळा लहान की मोठा, याने फरक पडत नाही. मात्र एकदा घेतलेला वेग लगेच मोडत नाही, आणि नवखा खेळाडू पडतो तो बहुधा त्यामुळेच: वळण आल्यावर वळायला जातो, तेव्हा उशीर झालेला असतो.

या प्रकाराचा पाया १९८४ मध्ये अटारी या अमेरिकी कंपनीच्या ‘मार्बल मॅडनेस’ने घातला. मार्क सर्नी याने रचलेल्या या आर्केड (नाणे टाकून खेळायच्या यंत्रावरच्या) खेळात सहाच मार्ग होते, एकात तर गोटी चढावर घरंगळते. नियंत्रण ट्रॅकबॉलचे, म्हणजे हाताखाली खराच गोळा फिरे. घरगुती कन्सोलवर नेमका तोच गेला. निन्टेन्डोच्या एनईएस कन्सोलसाठीच्या १९८९ च्या आवृत्तीत अधिकच्या चिन्हासारखी चार दिशांची कळ होती आणि पडद्यावरचे मार्ग तिरके. म्हणून कळेच्या दिशा मार्गाशी कशा जुळवायच्या यासाठी खेळाआधी ९० अंश की ४५ अंश असा पर्याय निवडावा लागे. नव्वदच्या दशकात नागपुरात, मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेल्यावर दुपारभर टीव्हीपुढे बसणाऱ्या मुलांच्या हाती बहुधा फॅमिकॉमची (एनईएसच्या जपानी रूपाची) नक्कल असे. तिच्या कळेने गाडी पळवणे सोपे. गोटीचा तोल धरायला ती कळ फारच बोथट.

तोडगा निघाला २००१ मध्ये. स्वतःचे कन्सोल बनवणे थांबवलेल्या सेगाने निन्टेन्डोच्या गेमक्यूबसाठी ‘सुपर मंकी बॉल’ काढला. त्यात पारदर्शक चेंडूत माकड बसलेले असते. पण ढकलायचे चेंडूला नाही, कलती करायची जमीन, परातीतली गोटी परात हलवून फिरवावी तशी. अॅनालॉग स्टिक (कोणत्याही दिशेला कमीजास्त झुकणारी दांडी) किती झुकवली यावर उतार ठरतो. प्रस्तुत लेखकाच्या मते या प्रकारातली सर्वांत शहाणी कल्पना हीच. निन्टेन्डोच्या वी कन्सोलवर हडसनच्या ‘कोरोरिन्पा’ने (२००६) स्टिकही काढून टाकली. रिमोट जितका तिरका, तितका मार्ग तिरका. वाटेतले नारिंगी स्फटिक मात्र सगळे गोळा केलेच पाहिजेत.

त्याच वर्षी एक्सबॉक्स ३६० वर आलेल्या ‘मार्बल ब्लास्ट अल्ट्रा’मध्ये गोटी उडी मारते. हा पर्याय मिळाल्यावर कोडे थोडे सैलावते.

सपाट टीव्हीवर चित्र उमटायला होणारा किंचित उशीर या खेळांत लगेच जाणवतो. टीव्हीत ‘गेम मोड’ असेल तर तो सुरू करूनच खेळावे.