नमकीनच्या दुकानाचा झोळा आणि चार हजारांचा झोळा

२०२५ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या नॉर्डस्ट्रॉम या बड्या दुकानसाखळीच्या संकेतस्थळावर एक सुती झोळा गाजला. किंमत ४८ डॉलर, म्हणजे साधारण चार हजार रुपये. प्युएब्को या जपानी कंपनीच्या त्या झोळ्यावर हिंदीत ‘रमेश स्पेशल नमकीन’, ‘चेतक स्वीट्स’ असली अक्षरं छापलेली होती. इंदूरच्या मराठी घरांत असे झोळे दाराआडच्या खुंटीला पाच-सात तरी सापडतील. शेवेबरोबर आलेला झोळा पुढे भाजीला जातो, गिरणीवर जातो, एस.टी.च्या प्रवासातही सोबत असतो.

आता तशीच अक्षरं छापलेले ‘देसी’ झोळे आपल्याकडच्या बुटिकमध्येही लटकलेले दिसतात, म्हणून दोन्ही शेजारी ठेवून नीट बघायला हवेत.

दुकानाचा झोळा बहुधा मांजरपाटाचा. नवा असताना कडक वाटतो तो खळीमुळे. पहिल्या धुण्यात खळ जाते, कापड मऊ पडतं, थोडं आटतंही. बंद त्याच कापडाची पट्टी दुमडून केलेले असतात आणि झोळ्याचं सगळं आयुष्य त्यांच्या जोडावर अवलंबून असतं. जिथे बंद शिवलाय तिथे चौकोन आणि आत फुली अशी शिवण असेल, तर पाच किलो पीठ बिनघोर उचलावं. एकच सरळ टीप मारलेली असेल तर तो तिथेच उसवणार. हीच परीक्षा महाग झोळ्यालाही लावा. आतून उलटा करा, कडा बघा, बंद ओढून बघा. कापड तेच, शिवण तीच आणि अस्तरही नसेल, तर जास्तीचे पैसे झोळ्याचे नाहीत, हे उघड आहे.

मग कशाचे? इथे दोन्ही झोळ्यांतला खरा फरक आहे. नमकीनवाला झोळ्यावर नाव, पत्ता, फोन छापतो, कारण झोळा ही त्याची जाहिरात असते. गिऱ्हाईक ती खांद्यावर घेऊन गावभर फिरतं, म्हणून झोळा फुकट किंवा नाममात्र पैशांत मिळतो. महाग झोळ्यावर तीच जाहिरात नक्षी होऊन बसते आणि ती मिरवण्याचे पैसे गिऱ्हाइकाकडून घेतले जातात. मला हे मनापासून खटकतं. ते कापड विणणाऱ्या-शिवणाऱ्या हातांची मजुरी अक्षरांची नक्षी झाल्यानं वाढत नाही.

बालेन्सियागा या महागड्या फॅशन कंपनीचं २०१७ मधलं प्रकरण याहून थोडं वेगळं. आयकिया या फर्निचरच्या दुकानाच्या ९९ सेंटच्या निळ्या प्लास्टिकच्या पिशवीसारखी दिसणारी त्यांची बॅग २,१४५ डॉलरची होती, पण निदान ती चामड्याची तरी होती. किंमत अफाटच, तरी वस्तू बदललेली होती.

म्हणून प्रत्येक महाग झोळा लुबाडणूक नसतो, हेही तितक्याच ठामपणे सांगायला हवं. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातल्या बाग या गावच्या ठशांच्या कापडाचा झोळा घ्या. कापड आधी धुऊन हिरड्यात बुडवायचं, लाकडी ठशांनी एकेक उठाव हातानं मारायचा, वाहत्या पाण्यात धुवायचं, मग धावडीची फुलं घातलेल्या रंगाच्या पाण्यात उकळायचं. एवढ्या कामाचे पैसे द्यायलाच हवेत आणि तिथे घासाघीस करू नये, असं माझं मत आहे.

फसवणूक होते ती स्क्रीन प्रिंटिंगनं छापलेली नक्कल बागच्या भावात गळ्यात मारली जाते तेव्हा. हाताच्या ठशात दोन उठावांचा सांधा कुठेतरी केसभर सरकलेला दिसतो आणि रंग बहुतेक वेळा मागच्या बाजूलाही उतरलेला असतो. स्क्रीनची नक्षी सगळीकडे तंतोतंत सारखी. पाठ फिकी किंवा कोरी. हातमागाचं कापड म्हणून जास्त पैसे मागत असतील, तर हँडलूम मार्कचं, म्हणजे हातमागाच्या खात्रीचं सरकारी लेबल दाखवायला सांगा. २००६ पासून ते चालू आहे. एवढं विचारल्यावर विक्रेत्यानं कापड, ठसा, कारागीर यांबद्दल नीट सांगितलं तर झोळा घ्यावा. तो नुसतं ‘व्हिंटेज लुक’ म्हणत राहिला, तर इंदूरच्या सराफा बाजाराच्या वाटेवर अर्धा किलो लवंगी शेव घ्यावी आणि झोळा मागावा.