संगणक आज बदला, स्क्रीन रीडर महिनाभराने

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते. त्यामुळे चांगली चालणारी कितीतरी यंत्रं एका फटक्यात जुनी ठरली. नागपुरात बर्डीवर जाऊन नवा लॅपटॉप आणणं हे अर्ध्या दिवसाचं काम. पण जो माणूस पडदा कानांनी वाचतो, त्याचं खरं काम लॅपटॉप घरी आल्यावर सुरू होतं. त्यात बरेचजण याच मुहूर्तावर स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रामही बदलतात: इतकी वर्षं जॉज वापरलं, आता नव्या यंत्रावर एनव्हीडीए टाकू, ते मोफतही आहे.

असं करू नका. आवाज मध्येच थांबला, तर दोष साउंड ड्रायव्हरचा (आवाजाची चिप चालवणाऱ्या प्रोग्रामचा), नव्या कीबोर्डचा, नव्या स्क्रीन रीडरचा की त्या वेबसाइटचा, हे कळायला मार्ग उरत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलली तर बिघाड शोधायला एकच जागा असते. आधी नव्या यंत्रावर जुना स्क्रीन रीडर नीट बसवा. नवा स्क्रीन रीडर शिकायचाच असेल तर तो आधी जुन्या यंत्रावर शिका, जिथे बाकी सगळं ओळखीचं आहे.

स्क्रीन रीडर काम कसं करतो हे थोडं समजून घेतलं तर पुढची खूप धडपड वाचते. तो पडद्याचा फोटो काढून अक्षरं ओळखत नाही. प्रत्येक प्रोग्राम आपल्या खिडकीतल्या वस्तूंचं एक झाड विंडोजकडे मांडत असतो: हे बटण, त्याचं नाव ‘जतन करा’, ते सध्या बंद आहे, ही यादी, तिच्यात १२ नोंदी. स्क्रीन रीडर ते झाड वाचतो आणि वाक्य बनवून आवाजाच्या इंजिनाकडे देतो. मायक्रोसॉफ्टने १९९७ मध्ये यासाठी पहिली व्यवस्था दिली, आज मुख्य व्यवस्थेचं नाव यूआय ऑटोमेशन. वेबपानासाठी मात्र स्क्रीन रीडर त्या झाडावरून पानाची एक सपाट प्रत तयार करतो आणि तुम्ही बाणांच्या कळांनी फिरता ते त्या प्रतीत. म्हणून पान बदललं तरी जुनंच ऐकू येतंय, असं कधीकधी होतं. तेव्हा ती प्रत ताजी करायची: एनव्हीडीएत इन्सर्ट+एफ५, जॉजमध्ये इन्सर्ट+एस्केप. प्रोग्रामरने बटणाला नावच दिलं नसेल, तर कुठलाही स्क्रीन रीडर ‘बटण’ एवढंच म्हणणार. हा दोष नव्या यंत्राच्या माथी मारू नये.

दुकानात किंमत आणि रॅमच्या आधी कीबोर्डवर हात फिरवा. उजवीकडे नमपॅड, म्हणजे आकड्यांच्या कळांचा वेगळा गट, आहे का? स्क्रीन रीडरच्या बहुतेक आज्ञांना लागणारी इन्सर्ट ही स्वतंत्र कळ आहे की एफएन धरून दाबावी लागते? वर-खालचे बाण अर्ध्या उंचीचे आहेत का? एफ आणि जे वरचे उंचवटे बोटाला लागतात का? अलीकडच्या अनेक लॅपटॉपवर उजव्या कंट्रोलच्या आसपास कोपायलट या मायक्रोसॉफ्टच्या एआय मदतनीसाची कळ आली आहे आणि संदर्भ-मेनूची (राइट-क्लिकचा मेनू उघडणारी) कळ गायब झाली आहे. तिच्याऐवजी शिफ्ट+एफ१० चालतं, पण ते बोटांना आधी माहीत हवं. नमपॅड नसेल तर दोन वाटा आहेत. एक, यूएसबीचा सुटा नमपॅड घ्यायचा. दुसरी, स्क्रीन रीडरची ‘लॅपटॉप’ मांडणी लावून कॅप्स लॉकला इन्सर्टचं काम द्यायचं. सुटा नमपॅड स्वस्त पडतो आणि वर्षांच्या सवयी वाचवतो, म्हणून माझं मत त्याच्या बाजूने.

दुकानदाराला आणखी एक विचारा: विंडोज ‘एस मोड’मध्ये आहे का? त्या मोडमध्ये फक्त मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधले प्रोग्राम चालतात. एनव्हीडीएच्या संकेतस्थळावरून उतरवलेली फाइल उघडतच नाही. एस मोडमधून बाहेर पडणं फुकट आहे, पण परत आत जाता येत नाही.

यंत्र पहिल्यांदा सुरू केल्यावर ते मुकं असतं. विंडोज+कंट्रोल+एंटर दाबा, विंडोजचा स्वतःचा नॅरेटर बोलू लागेल. भाषा आणि देश विचारणाऱ्या पहिल्या पडद्यांवरही तो चालतो. नाहीच बोलला तर घाबरून सगळ्या कळा दाबत बसू नका. नव्याने विंडोज टाकलेल्या यंत्रात आतल्या साउंड चिपचा ड्रायव्हर कधीकधी नसतो. अशा वेळी यूएसबीचा साधा हेडफोन लावा. त्याचा ड्रायव्हर विंडोजमध्येच असतो, वेगळं काही टाकावं लागत नाही. हा हेडफोन पिशवीत कायम असू द्या.

मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून विंडोज ११ सुरू केलं की पुष्कळ लॅपटॉपवर डिस्कचं कूटबंधन (एन्क्रिप्शन) आपोआप चालू होतं. पुढे कधी बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ व्यवस्थेत, काही बदललं, की यंत्र सुरू होताना ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. त्या वेळी विंडोज सुरूच झालेलं नसतं, म्हणून तुमचा स्क्रीन रीडरही नसतो. ही की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ती आजच शोधून फोनमध्ये ठेवा आणि ब्रेल येत असेल तर जाड कागदावर उतरवून घ्या. ती सहा-सहा अंकांच्या आठ गटांत येते, ब्रेलमध्येही एका ओळीवर एक गट लिहावा.

आता सवयींची हलवाहलव. एनव्हीडीए वापरत असाल तर जुन्या यंत्रावर एनव्हीडीए+एन (एनव्हीडीए कळ म्हणजे सहसा इन्सर्ट) दाबून मेनू उघडा. टूल्समध्ये ‘क्रिएट पोर्टेबल कॉपी’ (इन्स्टॉल न करता चालणारी प्रत) निवडा, पेनड्राइव्हवरचा फोल्डर द्या आणि ‘सध्याची वापरकर्ता सेटिंग्ज सोबत घ्या’ या अर्थाच्या चौकटीत खूण करा. तुमचे उच्चारकोश, बदललेल्या कळा, अ‍ॅड-ऑन (जोड-प्रोग्राम), वेगवेगळ्या प्रोग्रामसाठी केलेली प्रोफाइल्स सगळं त्यात येतं. पेनड्राइव्ह नव्या यंत्राला लावून तीच प्रत चालवली की नवं यंत्र पहिल्या मिनिटाला जुन्या आवाजात बोलू लागतं. मग त्याच प्रतीच्या टूल्स मेनूमधून ‘इन्स्टॉल’ करा आणि पोर्टेबलची सेटिंग्ज तुमच्या खात्यात उतरवायची चौकट विसरू नका.

इन्स्टॉल न करता पोर्टेबलवरच दिवस ढकलू नये. ‘या प्रोग्रामला बदल करू द्यायचा का’ असं विचारणारा विंडोजचा पडदा संरक्षित असतो. पोर्टेबल प्रत तिथे पोचत नाही आणि एकदम शांतता होते. यंत्र अडकलं असं वाटतं, पण ते तुमच्या ‘हो’ची वाट पाहत असतं. इन्स्टॉल झाल्यावर सेटिंग्जच्या जनरल विभागात लॉगिनच्या पडद्यावरही आपलीच सेटिंग्ज वापरण्याचं बटण आहे. ते दाबण्याआधी अनोळखी अ‍ॅड-ऑन काढून टाका, कारण तिथे त्यांना फार जास्त अधिकार मिळतात.

महिनाभराने, यंत्र हाताखाली आल्यावर, ज्यांना जॉजकडून एनव्हीडीएकडे यायचं आहे त्यांच्यासाठी. जॉज १९८९ पासूनचं, डॉसच्या काळातलं; एनव्हीडीए मायकल करन या अंध तरुणाने ऑस्ट्रेलियात २००६ मध्ये लिहायला घेतलं. बरंचसं सारखं आहे: इन्सर्ट+टी ने खिडकीचं शीर्षक, इन्सर्ट+एफ१२ ने वेळ, इन्सर्ट+१ ने कळांची ओळख करून देणारी मदत. वेबपानावर एच ने शीर्षकं, बी ने बटणं, टी ने तक्ते, ई ने लिहिण्याच्या चौकटी. ही बोटं बदलावी लागत नाहीत.

अडतं ते दुसरीकडे. जॉजमध्ये शीर्षकांची यादी इन्सर्ट+एफ६ वर, लिंकची इन्सर्ट+एफ७ वर. एनव्हीडीएमध्ये इन्सर्ट+एफ७ हीच एक खिडकी, तिच्या आत प्रकार निवडायचा. पानावर वाचायचं की चौकटीत लिहायचं ही अदलाबदल जॉजमध्ये इन्सर्ट+झेड ने, इथे इन्सर्ट+स्पेस ने. कळ स्क्रीन रीडरला न अडवता प्रोग्रामकडे जाऊ द्यायची तर तिथे इन्सर्ट+३, इथे इन्सर्ट+एफ२. लिंकवर उडी मारायला एनव्हीडीएत के आहे, जॉजमध्ये के वेगळ्याच कामाला आहे.

पण खरा चकवा नमपॅडचा. जॉजच्या सवयीचं बोट नमपॅडवरचा २ दाबतं, कर्सर एक ओळ खाली येतो आणि ती ओळ ऐकू येते. एनव्हीडीएमध्ये तोच २ फक्त सध्याचं अक्षर म्हणतो. तिथे नमपॅड म्हणजे वाचनाचा वेगळा कर्सर: वरची रांग ७-८-९ मागची, सध्याची, पुढची ओळ, मधली ४-५-६ शब्द, खालची १-२-३ अक्षरं. लिहिण्याचा कर्सर जागचा हलत नाही. नव्या माणसाला वाटतं आपण तिसऱ्या ओळीवर आलो, तो टाइप करू लागतो आणि अक्षरं पहिल्या ओळीत घुसतात. पहिले आठ दिवस हलण्यासाठी नमपॅड वापरूच नका, साधे बाण वापरा. दोन्ही स्क्रीन रीडर एकाच वेळी चालू ठेवू नका. दोन आवाज एकमेकांवर चढतात आणि इन्सर्ट कुणी ऐकायचा यावर भांडण होतं. एक बंद करून मगच दुसरा सुरू करा.

आणि एक थांबण्याची जागा. बँकेत किंवा कार्यालयात एखाद्या खास प्रोग्रामसाठी जॉजच्या स्क्रिप्ट लिहून दिल्या असतील, तर त्या एनव्हीडीएत चालत नाहीत. एनव्हीडीएचे अ‍ॅड-ऑन पायथनमध्ये लिहावे लागतात. तिथे जॉज सोडू नका.

आवाजाचा वेग जुळवताना आकडे जुळवू नका. एका इंजिनातले ६० दुसऱ्यातल्या ६० एवढे नसतात. २०० शब्दांचा एक उतारा घ्या, जुन्या यंत्रावर तो किती सेकंदांत संपतो ते फोनच्या स्टॉपवॉचवर बघा आणि नव्यावर तेवढाच येईपर्यंत वेग हलवा. ३० सेकंद लागले तर तुमचा कान मिनिटाला ४०० शब्द ऐकतो. एवढ्या वेगाला माणसासारखे गोड आवाज अनेकदा अक्षरं गिळतात. ईस्पीकसारखं रुक्ष इंजिन अक्षर गणिताने घडवतं, म्हणून वेगातही त्याचं व्यंजन स्पष्ट राहतं आणि कळ दाबताच ते बोलतं. डोळस नातेवाइकांना तो आवाज सहन होत नाही. त्यांच्या आग्रहाने बदलू नका. ब्लूटूथ हेडफोनवर प्रत्येक वाक्याचा पहिला तुकडा गायब होत असेल, तर शांततेत हेडफोन झोपी जातो आहे. एनव्हीडीएमध्ये बोलून झाल्यावर ध्वनियंत्र किती वेळ जागं ठेवायचं याचं सेटिंग आहे, ते वाढवा. वायरचा हेडफोन मात्र या त्रासातच पडत नाही.

मराठीसाठी ईस्पीकमध्ये मराठी आवाज आहे, तोच निवडा. हिंदी आवाजावर भागवलं तर ‘ळ’ आणि ‘चाक’मधला च दुखतो. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतले च लिहायला एकच, बोलायला दोन. लिपीत फरकच नसल्यामुळे इंजिनही चुकतं. सतत येणारे शब्द एनव्हीडीएच्या उच्चारकोशात घाला: ‘कि.मी.’ साठी ‘किलोमीटर’, ‘म.न.पा.’ साठी ‘मनपा’.

नव्या यंत्रावर जुन्या मराठी फाइली उघडल्या आणि कचरा ऐकू आला, तर यंत्राला दोष देण्याआधी अक्षर-अक्षर ऐका. ‘यू, के, एक्स, आय, डब्ल्यू, जे’ असं आलं तर ती फाइल कृतीदेव या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली आहे आणि तो शब्द ‘नागपूर’ आहे. त्या पद्धतीत फाइलमध्ये इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फाँट फक्त त्यांना देवनागरीचं सोंग देतो. डोळ्याला नागपूर दिसतं, स्क्रीन रीडरला सोंगाखालची अक्षरं मिळतात. इन्सर्ट+एफ दाबलं की फाँटचं नाव ऐकू येतं. वर्डमध्ये फाँट बदलून उपयोग नाही. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे देवनागरी अक्षरं देवनागरी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, रूपांतरित करावा लागतो. जुनं यंत्र हातात आहे तोवर अशा फाइली वेगळ्या काढा, कारण कोणती फाइल कशाची आहे हे तिथल्या फोल्डरांच्या सवयीने पटकन आठवतं.

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा एक वेगळाच बिघाड येतो. गादीवर ठेवलेला लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि कळ दाबल्यापासून आवाज येईपर्यंत अर्धा सेकंद जातो. अर्धा सेकंद ऐकायला किरकोळ वाटतो, पण हाताला ‘दाबलं नाही’ असं वाटून ती कळ दुसऱ्यांदा दाबली जाते आणि मेनूत एक ओळ पुढे उडी बसते. स्क्रीन रीडर पुन्हा टाकू नका. लॅपटॉप लाकडी पाटावर ठेवा, खालची जाळी मोकळी करा, पंख्याचा वारा लागू द्या.

दूर राहणाऱ्या जाणकार मित्राची मदत हवी असेल, तर एनव्हीडीए २०२५.१ पासून ‘रिमोट अ‍ॅक्सेस’ आतच आलं आहे. दोघांकडे ती आवृत्ती असली आणि दोघांनी जोडणीची एकच की (पासवर्डसारखा संकेत) टाकली, की चंद्रपूरला बसलेला मित्र तुमचं यंत्र ऐकू आणि चालवू शकतो. काम संपलं की जोडणी तोडा आणि पुढच्या वेळी नवी की घ्या.

जुनं यंत्र किमान एक महिना चालू स्थितीत ठेवा. देऊन टाकण्याआधी, आणि डिस्क पुसण्याआधी, त्यावरच्या जॉजचा परवाना रद्द करून घ्या. परवाना किती यंत्रांवर चालेल याला मर्यादा असते. पुसलेल्या यंत्रातली नोंद तशीच राहिली, तर नव्या यंत्रावर जॉज ४० मिनिटंच बोलेल आणि मग यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावं लागेल.