लगून सरकारचं, पहारा गावाचा

प्रशांत महासागरातल्या सामोआत भरतीच्या रेषेखालची जमीन राज्यघटनेनुसार सरकारची आहे. म्हणजे किनारा आणि प्रवाळभिंत यांच्यामधलं उथळ लगूनही सरकारचंच. गावाच्या लेखी मात्र दारासमोरचं पाणी गावाचं.

गावाचा कारभार 'फोनो' बघते. कोकणातल्या गावकीची आठवण व्हावी अशी ही सभा. तिच्यात 'मताई' बसतात, म्हणजे कुळांनी निवडलेले प्रमुख. नियम मोडला तर दंड डुकरांत किंवा डबाबंद माशांच्या खोक्यांत भरायचा. १९९० च्या कायद्याने फोनोच्या या अधिकारावर सरकारी मोहोर उमटली. पण शेजारच्या गावाची होडी येऊन मासे मारून गेली, तर हा दंड तिला कोण लावणार?

आणि लगूनला तर पहाऱ्याची गरज होतीच. सुरुंग, विष, बारीक आसाची जाळी यांनी ते ओरबाडलं जात होतं. महाकाय शिंपल्याचंच बघा. मोठा झाल्यावर तो जागचा हलत नाही. अंडी आणि शुक्रपेशी पाण्यात सोडतो आणि त्यांची गाठ पाण्यातच पडते. शिंपले विरळ झाले, एकमेकांपासून लांब पडले, की ही गाठ पडतच नाही. थोडे शिंपले उरले म्हणून निर्धास्त राहता येत नाही, ते जवळजवळ असावे लागतात. म्हणूनच लगूनचा छोटासा तुकडा पूर्ण बंद ठेवण्याला इतकं मोल आहे.

१९८८ च्या मत्स्यव्यवसाय कायद्यात यावर तोड होती. गावाने आपले नियम लिहून द्यायचे, खात्याने तपासायचे, सरकारने जाहीर करायचे. मग ते परक्या होडीलाही लागू. मला ही रचना फार शहाणपणाची वाटते. सरकारकडे कोर्ट आहे, पण प्रत्येक लगूनवर नजर ठेवायला माणसं कुठून आणणार? गावाकडे ती आहेत. जुन्या पद्धतीच्या घराला भिंती नसतात, नुसते खांब आणि छप्पर. चटईवर बसल्या बसल्या होडी दिसते.

पण फोनोत बहुतांशी पुरुषच. ओहोटीला गुडघाभर पाण्यात उतरून शिंपले, समुद्रकाकड्या (काकडीच्या आकाराचे समुद्री जीव) वेचतात त्या बायका. लगून बंद झालं की आधी त्यांचीच टोपली रिकामी राहते. म्हणून १९९० च्या दशकात गावोगावी योजना आखताना मत्स्यखात्याने बायकांच्या आणि मताई नसलेल्या तरुणांच्या बैठका वेगळ्या घेतल्या. मताईंसमोर ही माणसं तोंड उघडणार नाहीत, हे खात्याला ठाऊक होतं.