मोटर गेली की रेग्युलेटर?

गाडीची काच अर्ध्यात अडकली की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "मोटर गेली." मीही एकदा तेवढ्यावरच नवी मोटर आणून बसवली. स्विच दाबला, मोटर झकास फिरली, काच मात्र जागची हलली नाही. तुटली होती ती रेग्युलेटरची, म्हणजे काच वरखाली ओढणाऱ्या यंत्रणेची, केबल.

मोटर फक्त फिरते. १२ व्होल्टची छोटी डीसी मोटर, तिला जोडलेला वर्म गिअर, म्हणजे स्क्रूसारख्या आट्यांनी दातेरी चाक फिरवणारा गिअर. स्विचने विजेची दिशा उलटवली की तीही उलटी फिरते. ते फिरणं काचेपर्यंत पोचवतो रेग्युलेटर. त्यात कात्रीसारखे पत्र्याचे हात असतात, नाहीतर पट्टीवरून प्लास्टिकचा स्लायडर ओढणारी केबल. हा स्लायडर मोडणं किंवा केबलचे धागे सुटणं नेहमीचंच.

वर्म गिअरची एक खोड उपयोगी पडते: काच कितीही रेटली तरी तो उलटा फिरत नाही. म्हणून काच धप्पकन दरवाजात पडली, किंवा हाताने वर ओढता आली, तर बहुतेक वेळा गुन्हेगार रेग्युलेटरच.

एरवी कानांवर भरवसा ठेवा. मोटर गुंगुं करते पण काच हलत नाही, कडकड आवाज येतो, काच तिरकी होते, ही सगळी रेग्युलेटरची लक्षणं. अगदीच शांतता असेल तर मोटरवर शंका घ्यायला हरकत नाही, पण फ्यूज, स्विच आणि बिजागरीजवळच्या रबरी नळीतल्या वायरी आधी बघा. दरवाजाच्या रोजच्या उघडझापीने त्या आतल्या आत तुटतात. स्विच दाबताना आतला दिवा किंचित मंद झाला, तर मोटरपर्यंत वीज जातेय, फक्त मोटर किंवा यंत्रणा जाम आहे. स्विच दाबून धरत दरवाजावर मुठीने ठोकल्यावर काच हलली, तर बहुधा मोटरचे कार्बन ब्रश, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोचवणारे तुकडे, झिजलेत. ती आणखी थोडे दिवस चालेल, पण मी अशा मोटरच्या भरवशावर पावसात काच उघडणार नाही.

काच नुसतीच हळू चढत असेल तर दोघांनाही सोडा. कडेच्या रबरी खाचा साफ करून सिलिकॉन स्प्रे मारा. तेल नको, त्याने रबर फुगतं. आणि काच सारखी वरखाली करून मोटर थांबली असेल, तर तापल्यावर वीज तोडणाऱ्या आतल्या थर्मल कटआउटने तिला रोखलंय. थोड्या वेळाने चालेल.

शंका उरलीच तर व्होल्टेज मोजायचा मल्टिमीटर. मोटरला दोनच वायरी असतील, तर कनेक्टर न काढता मागून मीटरची दोन्ही टोकं टेकवून स्विच दाबा. कनेक्टर काढून मोजलं तर एकाच धाग्यावर लटकलेली वायरही पूर्ण व्होल्टेज दाखवते आणि फसवते. बारा व्होल्टच्या आसपास येऊनही मोटर गप्प, तर मोटर गेलीय किंवा यंत्रणा जाम. मोटर सोडवून मोकळी चालवली की कोण ते कळतं.

काम तसं सोपं. बॅटरीची निगेटिव्ह काढा, काच वर ओढता आली तर ओढून, नाहीतर आहे तिथेच, चौकटीला टेपने पक्की चिकटवा, मग दरवाजाचं पॅड उतरवा. ओल अडवणारा प्लास्टिकचा पडदा फाडू नका. कात्रीच्या रेग्युलेटरला ताणलेली स्प्रिंग असेल, तर मोटर काढण्याआधी त्याचा हात बोल्टने किंवा क्लॅम्पने जखडा, नाहीतर तो झटक्याने सुटून बोटं चेचतो. केबलच्या प्रकारात मोटर काढताना केबल गुंडाळणारा ड्रम निसटून केबलचा गुंता होतो. केबल आधीच उसवलेली दिसली तर मी नुसती मोटर घेणार नाही, मोटर आणि रेग्युलेटरची अख्खी असेंब्लीच बदलीन. डावी मोटर उजवीकडे सहसा बसत नाही, हे खरेदीच्या आधी बघा.

पॅड लावण्यापूर्वी टेप काढून, बॅटरी जोडून काच एकदा पूर्ण वरखाली करून पाहा. एका झटक्यात आपोआप बंद होणारी काच असेल, तर नव्या मोटरला वरची हद्द ठाऊक नसते. बऱ्याच गाड्यांत काच पूर्ण वर गेल्यावरही स्विच काही सेकंद दाबून धरला की ती शिकते. नेमकी रीत गाडीच्या पुस्तिकेत असते.