श्वसनवायू आणि डोळ्यातील रक्तप्रवाह

श्वासावाटे घेतलेल्या वायूमधील ऑक्सिजन किंवा कार्बन डायऑक्साइड यांचे प्रमाण बदलले, की काही मिनिटांतच डोळ्यातील रक्तवाहिन्यांचा व्यास आणि त्यांतून वाहणारे रक्त बदलते. ऑक्सिजन वाढल्यास दृष्टिपटलाच्या, म्हणजे रेटिनाच्या, वाहिन्या आकुंचन पावतात. ऑक्सिजन घटल्यास किंवा कार्बन डायऑक्साइड वाढल्यास त्या प्रसरण पावतात. मेंदूतील वाहिन्याही अशाच वागतात, पण त्या कवटीआड असतात. मध्यवर्ती चेतासंस्थेचा दृष्टिपटल हा एकच भाग असा आहे, की त्याच्या रोहिण्या व नीला जिवंत माणसात बाहुलीतून थेट पाहता येतात. त्यामुळे या विषयाचे महत्त्व नेत्रवैद्यकापुरते मर्यादित नाही.

दृष्टिपटलाला रक्त दोन वाटांनी मिळते आणि या दोन वाटांचा स्वभाव अगदी निराळा आहे. आतील थरांना केंद्रीय दृष्टिपटल रोहिणी रक्त पुरवते. बाहेरच्या थरातील दंड व शंकू पेशींना स्वतःच्या वाहिन्या नाहीत. त्यांचा ऑक्सिजन मागील रंजितपटलातून, म्हणजे कोरॉइडमधून, झिरपत येतो. डोळ्याच्या एकूण रक्तापैकी सुमारे ८५ टक्के रक्त या रंजितपटलातून वाहते, दृष्टिपटलाच्या वाट्याला जेमतेम ५ टक्के येते. रंजितपटलात प्रवाह इतका मुबलक असतो, की तेथून परतणाऱ्या रक्तातील ऑक्सिजन फारसा कमी झालेला नसतो. दृष्टिपटल मात्र मिळालेल्या थोड्या रक्तातून ऑक्सिजन पुरेपूर काढून घेते. आणखी एक फरक मोलाचा आहे. रंजितपटलावर स्वायत्त चेतातंतूंचे दाट जाळे असते, तर डोळ्यात शिरल्यानंतर दृष्टिपटलाच्या वाहिन्यांवर असे तंतू राहत नाहीत. रक्त किती येऊ द्यायचे, हे त्या आसपासच्या पेशींकडून आणि आपल्याच अस्तराकडून येणाऱ्या रासायनिक संदेशांवर ठरवतात.

शुद्ध ऑक्सिजन श्वासात घेतला की रोहिणीतील रक्तात त्याचा आंशिक दाब, म्हणजे वायूंच्या मिश्रणातील त्याच्या एकट्याच्या वाट्याचा दाब, सुमारे १०० मिमी पाऱ्यावरून ५०० मिमीच्याही वर जातो. हीमोग्लोबिन साध्या हवेतच जवळजवळ संपृक्त, म्हणजे ऑक्सिजनने भरलेले, असते, त्यामुळे वाढ होते ती मुख्यतः रक्तद्रवात विरघळलेल्या ऑक्सिजनची. दृष्टिपटलाला ही वाढ चटकन कळते. मोठ्या वाहिन्यांचा व्यास दहा-पंधरा टक्क्यांनी घटतो. हा आकडा किरकोळ वाटतो, पण नळीतून वाहणाऱ्या द्रवाचे प्रमाण व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असते. इतर सर्व तेच राहिले, तर व्यासातील १२ टक्के घट प्रवाह सुमारे ४० टक्क्यांनी कमी करते. प्रत्यक्षात रक्ताचा वेगही मंदावतो. १९८३ मध्ये रिवा, ग्रुनवाल्ड व सिंक्लेअर यांनी लेसर डॉप्लर पद्धतीने मोजले, तेव्हा १०० टक्के ऑक्सिजनमुळे दृष्टिपटलातील प्रवाह सुमारे ६० टक्क्यांनी उतरलेला आढळला. या आकुंचनामागे वाहिन्यांच्या अस्तरातून स्रवणाऱ्या एंडोथेलिन-१ या द्रव्याचा मोठा वाटा आहे. जास्त ऑक्सिजन म्हणजे ऊतीला जास्त पोषण, ही सहज वाटणारी समजूत येथे टिकत नाही. दृष्टिपटल दार अर्धे लोटून घेते आणि आपल्या आतील थरांतील ऑक्सिजनची पातळी फारशी चढू देत नाही.

रंजितपटल असे दार लोटत नाही. शुद्ध ऑक्सिजन घेताना त्याचा प्रवाह फारसा बदलत नाही, त्यामुळे तेथील ऑक्सिजनचा दाब खूप वाढतो आणि तो दृष्टिपटलात नेहमीपेक्षा खोलवर झिरपतो. मांजरे व माकडे यांच्यावरील प्रयोगांत दृष्टिपटलाची रोहिणी बंद करून शुद्ध ऑक्सिजन दिला, तेव्हा आतील थरांची गरज बऱ्याच अंशी या मागच्या वाटेने भागली. केंद्रीय रोहिणी अकस्मात बंद पडून दृष्टी गेलेल्या रुग्णाला ऑक्सिजन देण्यामागचा विचार हाच आहे.

कार्बन डायऑक्साइडचा परिणाम उलट दिशेने होतो. हवेत त्याचे ५-६ टक्के मिश्रण केल्यास रक्त किंचित आम्लधर्मी होते, वाहिन्या सैलावतात आणि दोन्ही वाटांनी प्रवाह वाढतो. यावरून कार्बोजेन, म्हणजे ९५ टक्के ऑक्सिजन व ५ टक्के कार्बन डायऑक्साइड यांचे मिश्रण, वापरण्याची कल्पना निघाली: एका वायूने ऑक्सिजन पुरवायचा, दुसऱ्याने वाहिन्या उघड्या ठेवायच्या. युक्तिवाद देखणा असला तरी दृष्टिपटलात ऑक्सिजनचा जोर वरचढ ठरतो, आणि बऱ्याच मोजण्यांत कार्बोजेन घेतानाही वाहिन्या आकुंचित राहिलेल्या दिसतात. रोहिणी बंद पडलेल्या रुग्णांत कार्बोजेन कित्येक दशके वापरले गेले, पण त्याचा निश्चित लाभ सिद्ध झालेला नाही.

असे प्रयोग दिसतात तितके सरळ नसतात. शुद्ध ऑक्सिजन घेताना माणूस नकळत थोडा जास्त श्वास घेतो, त्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, आणि त्या घटीनेही वाहिन्या आकुंचतात. उच्छ्वासाच्या अखेरचा कार्बन डायऑक्साइड स्थिर ठेवला नसेल, तर आकुंचनाचे सगळे श्रेय ऑक्सिजनला देता येत नाही. जुने निष्कर्ष वाचताना हे तपासलेच पाहिजे. मोजणीच्या साधनांपैकी एकाचे मूळ कोणालाही अनुभवता येते. निरभ्र निळ्या आकाशाकडे पाहताना नजरेसमोर बारीक तेजस्वी ठिपके झरझर पळतात. ते दृष्टिपटलाच्या केशवाहिन्यांतून जाणाऱ्या श्वेतपेशींमुळे दिसतात. शुद्ध ऑक्सिजन घेतल्यावर हे ठिपके मंदावतात.

विरळ हवेत याच्या उलट चित्र दिसते. उंच पर्वतावर वाहिन्या रुंद व नागमोडी होतात, दृष्टिचेतेचे टोक लालसर दिसते आणि काहींच्या दृष्टिपटलात रक्तस्रावही होतो. अंधारात ही टंचाई अधिक बोचते, कारण दंड पेशींचा ऑक्सिजनचा खप उजेडापेक्षा अंधारात जास्त असतो. मधुमेहात वाहिन्यांचा प्रतिसादच बोथट होतो: शुद्ध ऑक्सिजन दिल्यावर त्या निरोगी डोळ्याइतक्या आकुंचत नाहीत.

सगळ्यात कठोर धडा मिळाला तो अकाली जन्मलेल्या बाळांकडून. १९४२ मध्ये बोस्टनचे नेत्रवैद्य टेरी यांनी अशा बाळांच्या भिंगामागे वाढणाऱ्या तंतुमय पडद्याचे वर्णन केले. त्यानंतरच्या दशकभरात जगभर सुमारे १०,००० मुले या विकाराने अंध झाली. १९५१ मध्ये मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी ऑक्सिजनकडे बोट दाखवले: जिथे तो मुक्तहस्ते दिला जाई, तिथे विकार जास्त होता. अमेरिकेतील १८ रुग्णालयांच्या संयुक्त चाचणीने १९५४ मध्ये ही शंका पक्की केली. त्याच सुमारास लंडनमध्ये नॉर्मन ॲश्टन यांनी मांजरीच्या पिलांवरील प्रयोगांत कारण दाखवून दिले. प्रौढाच्या दृष्टिपटलात ऑक्सिजनने होणारे आकुंचन तात्पुरते असते, पण अर्धवट वाढलेल्या वाहिन्या आकुंचत जाऊन कायमच्या बुजतात. पुढे बाळ साध्या हवेत आले, की रक्ताविना राहिलेला भाग उपाशी पडतो आणि नव्या, ठिसूळ वाहिन्यांना बोलावून घेतो. वाहिन्यांची वाढ घडवणारे व्हीईजीएफ हे प्रथिन आधी दबते आणि नंतर उसळते, हे १९९०च्या दशकात स्पष्ट झाले.

मग ऑक्सिजनवर कडक बंधने आली. अंधत्व घटले, पण श्वासाअभावी बाळे दगावू लागली. एका बाळाची दृष्टी वाचवताना सुमारे १६ बाळांचे प्राण गेले असावेत, असा अंदाज १९७३ मध्ये मांडला गेला. हा पेच अजून सुटलेला नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सपोर्ट’ चाचणीत गर्भावस्थेच्या २४ ते २७ आठवड्यांतच जन्मलेल्या १,३१६ बाळांपैकी निम्म्यांची ऑक्सिजन संपृक्तता ८५–८९ टक्के, तर निम्म्यांची ९१–९५ टक्के ठेवण्याचे उद्दिष्ट होते. जगलेल्या बाळांत तीव्र नेत्रविकार कमी संपृक्ततेच्या गटात ८.६ टक्के आणि जास्तीच्या गटात १७.९ टक्के आढळला. मृत्यूचे प्रमाण मात्र अनुक्रमे १९.९ आणि १६.२ टक्के होते. आज अनेक नवजात अतिदक्षता विभाग ९० टक्क्यांच्या वरची पातळी राखतात आणि डोळ्यांची तपासणी ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा करतात.