राजनाल्याची वाट आणि पाणंद: नकाशावर सारख्या, पायांना वेगळ्या

मुंबईकराला ‘रविवारी नाल्याच्या कडेने पळायला ये’ असं म्हणून बघा. थट्टा चाललीय असंच त्याला वाटेल. आपल्याकडे नाला पावसाळ्याआधी उपसायचा असतो आणि पावसात तुंबायचा असतो. कर्जतचा राजनाला त्या जातीचा नाही. तो शेतीचा कालवा आहे. घाटमाथ्यावरच्या ठोकळवाडी धरणाचं पाणी डोंगर उतरून भिवपुरीला येतं, तिथल्या १९२२ सालच्या वीजकेंद्रातून बाहेर पडतं आणि पुढे उन्हाळी भाताला मिळतं. मुळात हे पाणी आंध्रा नदीचं, इंद्रायणी-भीमेतून बंगालच्या उपसागराकडे निघालेलं. त्याला मध्येच पश्चिमेला वळवलंय.

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी लांब पळायचं असलं की आमच्या ग्रुपमधले काही जण पहाटेची कर्जत लोकल पकडतात. ग्रुपवर निरोप असतो, ‘शेतातला फ्लॅट रूट, १८ किलोमीटर’. आता हा फ्लॅट रूट कालव्याच्या भरावावरचा की शेतांमधल्या पाणंदीचा, हे कुणीच लिहीत नाही. मोबाइलच्या नकाशात दोन्हींची तीच बारीक करडी रेघ. दोन्हीकडे चढ नाही, दोन्हीकडे भातशेती. पण एकीवरून पळून आलं की पोटऱ्या धरतात आणि दुसरीवरून आलं की घोटे बोलायला लागतात.

कालव्याची वाट सपाट असते त्याला कारण आहे. कालव्यातलं पाणी पंपाने ढकललेलं नसतं, ते स्वतःच्या वजनाने वाहतं. उतार जास्त ठेवला तर पाणी माती कापत सुटतं, कमी ठेवला तर गाळ बसतो. म्हणून मोठ्या कालव्याचा उतार हजारो मीटरला एक मीटर इतका बेताचा ठेवतात. ५००० मीटरला १ मीटर धरला, तर १० किलोमीटर पळून तुम्ही फक्त २ मीटर उतरता, म्हणजे दादरच्या पुलाच्या तेराचौदा पायऱ्या. काठाची वाटही पाण्याबरोबर तशीच जाते. हा उतार सांभाळायचा म्हणून कालवा सरळ जात नाही, डोंगराच्या पायथ्याला धरून वळणं घेत राहतो. समोरचं गाव नाकासमोर दिसतं आणि घड्याळात अंतर वाढतच जातं.

पाणंद सपाट आहे कारण तिथली जमीनच सपाट आहे. तिला कुणी इंजिनिअरने आखलेलं नाही. दोन्ही बाजूंना शेतं, मधून बैलगाड्यांची ये-जा, वर्षानुवर्षं चाकांनी आणि पावसाने झिजून ती आजूबाजूच्या शेतांपेक्षा खाली गेलेली. पावसाळ्यात तिचाच ओढा होतो. भात कापून झाल्यावर ती वाळते, पण वाळताना गुरांचे खूर आणि ट्रॅक्टरच्या चाकांचे दात जसेच्या तसे ठेवून वाळते. ‘चाकोरी’ हा शब्द आपण ऑफिसातल्या कंटाळ्यासाठी वापरतो. खरी चाकोरी बघायची तर डिसेंबरात पाणंदीत उतरा. चाकांच्या दोन खोल खाचा आणि मधे गवताची उंच पट्टी. पळायचं त्या पट्टीवरून. खाचेत पाय गेला की घोटा आतल्या बाजूला वळतो, आणि पहाटे गवतावर दव असलं तर तो गेल्यावरच कळतं.

कालव्याच्या वाटेचा त्रास असा दिसत नाही, म्हणून मला तो जास्त वाईट वाटतो. भरावाच्या माथ्यावर मुरूम दाबलेला असतो आणि माथ्याला कालव्यापासून बाहेरच्या बाजूला किंचित कल दिलेला असतो, पावसाचं पाणी माती घेऊन कालव्यात उतरू नये म्हणून. चालताना हा कल जाणवत नाही. एकाच दिशेने दहा किलोमीटर पळा, मग कळतं: बाहेरच्या बाजूचा पाय प्रत्येक पावलाला जरा खाली पडत असतो. दुसऱ्या दिवशी लोकलच्या दारात उभं राहताना एकच गुडघा दुखत असेल तर बुटांना दोष देऊ नका. त्याच वाटेने परत या म्हणजे कल दुसऱ्या पायावर येतो. म्हणूनच कालव्यावर मी कधीच एका स्टेशनपासून दुसऱ्या स्टेशनपर्यंत पळत नाही, जाऊन परतच येते.

सपाट म्हणजे सोपं, हाही गैरसमज. मुंबई मॅरेथॉनमधला पेडर रोडचा चढ शिव्या खातो, पण त्या चढावर पायाचे वेगळे स्नायू कामाला लागतात आणि उतारावर बाकीच्यांना जरा सुट्टी मिळते. कालव्यावर तेच पाऊल, तीच लांबी, हजारो वेळा. वेग धरून पळायची सवय करायला याच्यासारखी जागा नाही, हे खरंच. न थांबता तासभर एका गतीने पळता येतं, ना सिग्नल ना रिक्षा. पाणंदीत वेगाचं नावच काढू नका. दर दोनशे मीटरला वळण, मधे म्हैस, कुठे फाटक. तिथे सावकाश, गप्पा मारत पळावं. दोन्ही बाजूंच्या करवंदीच्या आणि घाणेरीच्या कुंपणामुळे वारा लागत नाही. भरावावर मात्र समोरून वारा आला की तो वळण येईपर्यंत तोंडावरच असतो.

आता माझी फजिती. पहिल्यांदा एकटीच कालव्यावर गेले तेव्हा सोबत पाण्याची छोटी बाटली होती. नऊ किलोमीटरला ती संपली. पलीकडच्या काठावर घरं, अंगणात हातपंप, भांडी घासणाऱ्या एक आजी. मधे जेमतेम पंधरा-वीस फूट पाणी. मी हाक मारून विचारलं, ‘आजी, पलीकडे कसं येऊ?’ त्यांनी हातातलं पातेलं खाली ठेवून मी आले त्या दिशेला बोट दाखवलं. ‘पूल मागंच राहिला तुझा, पोरी.’ मी तो पूल पाहिलाही होता, पण कामाचा वाटला नव्हता. दीड किलोमीटर मागे गेले. पाणंदीत असं होत नाही, ती कुठे ना कुठे वाडीत उघडतेच. कालव्याला दारं मोजकीच असतात. तेव्हापासून मी पळता पळता पूल मोजते.

आणि पाणी दिसतंय म्हणून कालव्यात उतरायचं नाही. अस्तर केलेल्या कालव्याची बाजू तिरकी आणि शेवाळलेली असते. आत जाणं सोपं, पण धरायला काहीच नसल्यामुळे वर येणं कठीण. तोंड धुवायलासुद्धा वाकू नये. कालवा जिथे ओढा ओलांडतो तिथे पाणी जलसेतूवरून जातं, पण वाट बहुतेकदा खाली ओढ्यात उतरून पुन्हा चढते. तुमच्या सपाट रूटमधला एकमेव चढ तोच. पाणी सुटण्याआधी गाळ काढतात तेव्हा तो काठावरच टाकलेला असतो. त्या आठवड्यात दुसरीकडे जा.

वाट कुणाची, यावरही दोघींत फरक आहे. कालव्याचा काठ पाटबंधारे खात्याचा, पाटकऱ्याने (म्हणजे कालव्याचं पाणी बघणाऱ्या माणसाने) आणि खात्याच्या गाडीने फिरावं म्हणून ठेवलेला. आपण तिथे पाहुणे. पाणंद गावाची असते. गावनकाशात पायमार्ग एकेरी तुटक रेघेने दाखवतात आणि त्याची रुंदी ८.२५ फूट धरतात. गाडीमार्गाला दुहेरी तुटक रेघ, रुंदी १६.५ ते २१ फूट. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंची कुंपणं सरकत सरकत त्यातलं किती उरलंय, ते गावात विचारू नका, भांडण लागेल.

या दोघींच्या जोडीला एक तिसरा घोळ असतो तो बांधाचा. भराव, खारं पाणी अडवणारी खाडीकाठची खारबंदिस्ती आणि दोन शेतांमधली हातभर रुंदीची कड, सगळ्यांना आपण बांधच म्हणतो. शेताच्या बांधावरून पळू नये, एवढंच सांगते. भाताचं पाणी तो बांध अडवून धरतो आणि खेकड्यांनी तो आधीच पोखरलेला असतो. वीस जणांच्या बुटांनी त्याला घळ पडली की शेतकऱ्याला पुन्हा चिखल लिंपावा लागतो.

पश्चिम रेल्वेवाल्यांनी कर्जतपर्यंत यायची गरज नाही. वसईत आगाशी-निर्मळच्या बाजूला वाड्यांमधले अरुंद रस्ते आहेत, सपाट, केळी-नारळीच्या सावलीतले. स्वभावाने त्या पाणंदीच, फक्त बऱ्याच ठिकाणी डांबर पडलेलं. मात्र वळणावर स्कूटर येते ती हॉर्न न वाजवता.

या रविवारी निरोप माझाच आहे: ‘राजनाला, १८ किमी, जाऊन-येऊन. दोन बाटल्या. पूल मोजा.’